आधी जमीन, मग झोका

पत्र:

ताई, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहा वर्षांचा होतोय, मुलगी अडीच वर्षांची आहे. मार्चमध्ये सेल लागला तेव्हा सीडरच्या लाकडाचा प्लेसेट मागवला. पाच फुटांवर मचाण, त्याला शिडी आणि घसरगुंडी, बाजूला दोन झोके. तीन मोठी खोकी दीड महिना गॅरेजमध्ये पडून आहेत. मुलाचा वाढदिवस पुढच्या शनिवारी आहे, पंधरा मुलं येणार आहेत आणि त्या दिवशी झोका तयार असेल असा नवऱ्याने त्याला शब्द दिलाय. तो म्हणतो, एका दिवसात उभा करतो. माझे सासरे सध्या कोल्हापूरहून आलेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं. त्यांनी बॅकयार्डात दोरी ताणून, लेव्हल लावून दाखवलं की बारा फुटांत पाच इंच उतार आहे, आधी जमीन करून घ्या. नवरा म्हणाला, "बाबा, इथे सगळं पुस्तकात दिलेलं असतं." तेव्हापासून दोघं एका टेबलावर जेवतात, पण बोलत नाहीत. इन्स्टॉलर सातशे डॉलर मागतोय. शेजारी त्यांचा जुना लाकडी मंकी बार, म्हणजे हातांनी लोंबकळत जायची आडवी शिडी, फुकट न्या म्हणतायत. मी काय करू?

उत्तर:

तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहणार आहे. आणि पुढच्या शनिवारी तो सेट तयार नसावा असंही मला वाटतं. तुला हे आवडणार नाही, नवऱ्याला त्याहून नाही, पण का ते ऐकून घे.

२००९ साली आम्ही पेनसिल्व्हेनियात असाच एक सेट उभा केला. दोन शनिवार-रविवार राबून सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, एक नट कमी पडला नाही. खाली छान हिरवं गवत होतं, म्हणून त्या जमिनीचं आणखी काही करायला हवं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. जुलै संपता संपता धाकटी शिडीच्या चौथ्या पायरीवरून हातावर पडली. मनगटाजवळ हाताची दोन्ही हाडं मोडली. पाऊस नव्हता, मुलांच्या पायांनी गवत गेलं होतं आणि खालची माती विटेसारखी झाली होती. खेळण्यात काहीच चूक नव्हती, चूक खाली होती. लहान मुलांना खेळाच्या साधनांवर होणाऱ्या दुखापतींत सर्वात मोठा वाटा जमिनीवर पडण्याचा असतो. तरी आपण सगळा जीव लाकडात आणि बोल्टात घालतो आणि मूल जिथे पडणार ती जागा जशी आहे तशी सोडून देतो.

अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या पुस्तिका यावर अगदी स्पष्ट आहेत: गवत आणि उघडी माती यांना पडण्यापासून वाचवणारा थर मानतच नाहीत. सार्वजनिक मैदानांसाठीच्या पुस्तिकेत एक तक्ता आहे. वुडचिप्सचा, म्हणजे लाकडाच्या लहान तुकड्यांचा, नऊ इंच थर दहा फुटांवरून पडण्यापर्यंत चालतो, नऊ इंच मल्च, म्हणजे लाकूड-सालीचा चुरा, सात फुटांपर्यंत, आणि तेवढीच वाळू फक्त चार फुटांपर्यंत. तुमचं मचाण पाच फुटांवर आहे, म्हणजे वाळू बाद. झोक्यासाठी उंची मोजायची ती आडव्या तुळईला जिथे झोका टांगलाय तिथपासून, बसायच्या पाटापासून नव्हे, कारण मूल झोक्याबरोबर तेवढं वर जाऊ शकतं. तुमची तुळई बहुधा साडेसात-आठ फुटांवर असेल. म्हणून साधा मल्च न घेता खास मैदानांसाठी मिळणाऱ्या वुडचिप्स घ्या. फुलझाडांच्या वाफ्यात घालतात तो रंगवलेला मल्च नको.

हा नऊ इंचांचा थर दबतो. सुमारे पाव भाग दबला जातो असं धरून सुरुवातीला बारा इंच भरायचा. आता हिशेब कर. सेटच्या चारही बाजूंना सहा फूट मोकळी जागा हवी, म्हणजे कुंपण, डेकची पायरी, झाड, काहीच त्या सहा फुटांत नको. झोक्याच्या पुढे आणि मागे मात्र तुळईच्या उंचीच्या दुप्पट. तुळई साडेसात फुटांवर असेल तर पुढे पंधरा, मागे पंधरा, म्हणजे नुसत्या झोक्याला तीस फूट खोली लागते! हे आकडे बहुतेकांना खोकी उघडल्यावर कळतात. सगळं मिळून जागा सातशे चौरस फुटांच्या आसपास गेली तर एक फूट जाडीचा थर म्हणजे सातशे घनफूट, साधारण सव्वीस घनयार्ड. दुकानातल्या पिशव्या आणून हे भागत नाही, घाऊक माल ट्रकने मागवावा लागतो, आणि तो ड्राइववेवर टाकला की ढकलगाडीने मागे न्यायला दोन माणसांचा एक दिवस जातो. तुझ्या नवऱ्याने सेट एका दिवसात उभा केला तरी हे काम त्या दिवसात बसत नाही.

आता सासऱ्यांच्या पाच इंचांकडे ये. तो उतार घर बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा नाही. पावसाचं पाणी पायापासून लांब जावं म्हणून इथे घराभोवतीची जमीन मुद्दाम उतरती ठेवतात, पहिल्या दहा फुटांत सहा इंच असा नियमच आहे. म्हणून घरालगत सपाटी करायला जाऊ नका, बेसमेंटमध्ये पाणी येईल. सेट कुंपणाच्या बाजूला, पण वर सांगितलेली अंतरं सांभाळून घ्या, आणि तिथली जमीन करा. करताना खालच्या अंगाला माती भरून वर आणायची नाही, वरच्या अंगाची माती काढून ती बाजू खालच्या पातळीला आणायची. भर घातलेली माती पहिल्या हिवाळ्यानंतर बसते, एक पाय खचतो, चौकट पिळली जाते आणि बोल्ट आपोआप सैल होतात. कितीही आवळा, पुन्हा सैल होतात. हे तुझ्या सासऱ्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे, कारण तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं असणार की पिळलेल्या चौकटीत कुठलाच नट टिकत नाही.

खणण्याआधी ८११ ला फोन करायचा, जमिनीखालून कुठल्या लाइनी गेल्यात ते हे लोक दाखवतात. हा नंबर २००७ पासून देशभर एकच आहे आणि सेवा फुकट आहे. न्यू जर्सीत किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. माणसं येऊन जमिनीवर रंग मारून, झेंडे रोवून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. तुम्हाला वाटेल, आपण कुठे विहीर खणतोय? पण सेटचे पाय जमिनीला धरून ठेवणारे अँकर खोल जातात आणि इंटरनेटची केबल कधीकधी हातभर खोलही नसते. एक लक्षात ठेव, ते फक्त कंपन्यांच्या लाइनी दाखवतात. लॉनचे स्प्रिंकलर किंवा मागच्या ग्रिलला नेलेली गॅसची नळी तुमच्या खाजगी, त्या तुम्हालाच शोधायच्या आहेत. हे अँकर टाळू नका. दोन मुलं एकाच लयीत जोरात झोके घ्यायला लागली की ए-आकाराचा पाय मागून उचलला जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांचा फॉर्म आणि टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसला एक फोन, हेही याच आठवड्यात उरकून घे.

नवऱ्याला आज रात्री एकच काम सांग: तिन्ही खोकी उघडून भाग मोजणे. जोडायचं काहीच नाही. प्रत्येक फळीवर शिक्का किंवा चिकटपट्टी असते, त्याप्रमाणे भिंतीला टेकवून गट लावायचे, आणि बोल्ट, वॉशर, थेट लाकडात शिरणारे जाड लॅग स्क्रू, लाकडात ठोकून बसवायचे टी-नट आकाराप्रमाणे मफिनच्या ट्रेमध्ये किंवा रिकाम्या डब्यांत. यालाच दोन-तीन तास जातात आणि या तासांनी पुढचे सहा तास वाचतात. एखादी फळी चिरलेली निघाली, एखादी पिशवी आलीच नाही, तर कंपनी सहसा पाठवते, पण त्याला दिवस लागतात. मचाण अर्धं उभं असताना हे कळण्यासारखा मनस्ताप नाही.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, त्यासाठी घरात फिटर आहे. तरी लाकूड हे लोखंड नव्हे, म्हणून चार गोष्टी. लॅग स्क्रूला आधी बारीक भोक पाडायचंच, सीडर मऊ असतं आणि टोकाशी उभं चिरतं. चौकट पूर्ण होईपर्यंत एकही बोल्ट शेवटपर्यंत आवळायचा नाही, हाताने फिरेल एवढाच ठेवायचा. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले म्हणजे चौकट गुण्यात, काटकोनात आली, मगच आवळणी. आणि शेवटची आवळणी विजेच्या ड्रायव्हरने करू नये, हाताच्या रॅचेट पान्याने करावी. इम्पॅक्ट ड्रायव्हर एका सेकंदात वॉशर लाकडात रुतवतो, टी-नट जागेवर फिरायला लागतो, आणि एकदा टी-नट फिरला की तो बोल्ट ना आवळता येतो ना काढता येतो. आवळून झाल्यावर नटाबाहेर बोल्टचे दोनपेक्षा जास्त आटे दिसत असतील तर ते कापून घासून घ्यायचे. मुलांचे कपडे त्यात अडकतात.

झोक्याच्या साखळीला इंग्रजी एससारखा हूक असेल तर तो पकडीने पूर्ण मिटवायचा. डाइम हे इथलं सर्वात पातळ नाणं, ते फटीत सरकलं तर हूक अजून उघडा आहे. मग कठड्याच्या दांड्यांमधली, शिडीच्या पायऱ्यांमधली अंतरं टेपने मोजा. साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान अशी कुठलीही फट धोक्याची, कारण त्यातून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. नवा सेट नीट जोडला तर अशी फट राहत नाही, पण एक फळी चुकीच्या भोकात बसली की राहते. अडीच वर्षांच्या मुलीचं घर आहे, म्हणून हे मोजल्याशिवाय कुणाला वर चढू देऊ नका. तिला दोन झोक्यांपैकी एका जागी चारही बाजूंनी बंद असलेला बकेट झोका लावा. मोठ्याचा पाटाचा झोका तिला आत्ता नको.

शेजाऱ्यांचा मंकी बार नम्रपणे नाकार. तो कधीचा आहे तेवढं विचार. २००३ संपेपर्यंत इथे घरगुती वापराच्या बऱ्याच लाकडाला आर्सेनिक असलेलं रसायन पाजत असत, वाळवी आणि कुज लागू नये म्हणून. त्यानंतर घरगुती वापरासाठी ते बंद झालं. तुमच्या नव्या सीडरला त्याची गरजच नाही, ते लाकूड मुळात टिकाऊ असतं. पण जुन्या, हिरवट झाक असलेल्या लाकडावर मुलांचे हात फिरणार आणि तेच हात तोंडात जाणार. शिवाय दुसऱ्या कंपनीचं जोडकाम तुमच्या चौकटीला ठोकलं तर चौकटीने किती भार घ्यायचा हा सगळा हिशेबच बदलतो.

घसरगुंडीचं तोंड शक्यतो उत्तरेला करा. जुलैच्या दुपारी पश्चिमेला तोंड असलेली प्लॅस्टिकची घसरगुंडीसुद्धा लहान मुलाच्या मांड्या पोळेल इतकी तापते. लोकांना वाटतं हे फक्त पत्र्याचं होतं.

आता इन्स्टॉलर. सातशे डॉलर तुमच्या ऐपतीत असतील तर त्यात वाईट काही नाही. पण त्याला विचार, जमीन कोण करणार, वुडचिप्स कोण पसरणार? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ते तुमचं काम. म्हणजे कठीण भाग तुमच्याकडेच राहतो आणि ज्या भागात बाप-लेक शेजारी शेजारी उभे राहिले असते तेवढा परक्याकडे जातो. मी असते तर इन्स्टॉलर बोलावला नसता.

तुझ्या पत्रातलं मला सर्वात लागलेलं वाक्य उताराचं नव्हतं, "बोलत नाहीत" हे होतं. नवरा वडिलांवर चिडलाय असं मला वाटत नाही. त्याने सहा वर्षांच्या मुलाला शब्द दिलाय आणि वडिलांच्या एका वाक्याने तो शब्द मोडणार हे त्याला दिसलं, म्हणून तो पुस्तकाआड गेला. सासऱ्यांच्या बाजूनेही बघ. इथे आल्यापासून त्यांना गाडी चालवता येत नसेल, दुकानात बोलायला मुलगा लागत असेल, टीव्हीचा रिमोटसुद्धा नातवाकडून समजून घ्यावा लागत असेल. सगळ्या घरात एकच काम असं निघालं की ज्यात त्यांचा हात कुणापेक्षाही वर आहे, आणि तिथेच त्यांना सांगितलं गेलं की इथे पुस्तकात असतं.

तू मध्यस्थी करू नकोस. "बाबांचं बरोबर होतं" हे नवऱ्याला सगळ्यांसमोर ऐकवूही नकोस. नवऱ्याला एकट्याला गाठ आणि वरचा वुडचिप्सचा हिशेब त्याच्यासमोर ठेव. आकडे बघून तो स्वतःच म्हणेल की शनिवारी होत नाही. मग मुलाला त्यानेच सांगायचं, तू नाही, आणि वाढदिवसाच्या दिवशी नाही, आजच. सहा वर्षांचं मूल दहा दिवस आधी सांगितलेलं पचवतं, ऐनवेळचं पचवत नाही. त्याच्याबरोबर कॅलेंडरवर नवी तारीख लाव आणि ती तारीख पाळा. सासऱ्यांकडे नवऱ्याने जावं आणि नुसतं विचारावं, "बाबा, लेव्हल कुठून धरू?" एवढं पुरेल. माफी वगैरे त्या वाक्यात आपोआप येते.

कामाची वाटणी अशी करा की पुस्तक नवऱ्याच्या हातात आणि पाना त्याच्या वडिलांच्या हातात. फळी कुठली, कुठल्या भोकात, हे इंग्रजी पुस्तकातून नवरा सांगेल. सैल की घट्ट, गुण्यात की तिरकं, हे बाबा सांगतील. शेवटच्या दिवशी प्रत्येक बोल्ट बाबांच्या हाताखालून जाईल आणि त्यांनी "हो" म्हटल्याशिवाय नातवंडं वर चढणार नाहीत, हे सगळ्या घरासमोर ठरवा. ज्या माणसाने भरलेल्या एसटीचे नट आवळलेत त्याला ही जबाबदारी नवी नाही. सहा वर्षांच्या मुलालाही काम द्या, वॉशर मोजून आजोबांच्या हातात देण्याचं. आणि त्यांना नागपंचमीचं विचारा. कोल्हापूरकडे पंचमीला झाडाला झोके बांधतात, चऱ्हाट कुठल्या फांदीला टाकायचं आणि ते आधी ओढून कसं पाहायचं हे पोरांना मोठी माणसं शिकवत. ते नातवाने ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

पंधरा मुलांच्या पार्टीचं म्हणशील, तर सेट तयार असता तरी मी तेच सांगितलं असतं. घरगुती सेट एका वेळी किती मुलांसाठी आहे हे त्याच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि तो आकडा पंधरा नसतो. टाउनशिपच्या एखाद्या पार्कमधलं पॅव्हेलियन मिळतं का बघ. तिथलं मैदान पंधरा मुलांसाठीच बांधलेलं असतं. घरचा सेट मग दोन आठवड्यांनी फक्त दोन भावंडांनी सुरू करावा, गर्दी नसताना.

वापर सुरू झाला की तीन सवयी पहिल्याच दिवसापासून लावून टाका. स्कूटर किंवा सायकलवरून धावत येऊन हेल्मेटसकट वर चढायचं नाही. हेल्मेट फटीत अडकतं आणि पट्टा गळ्याला बसतो. रस्त्यावर जे हेल्मेट वाचवतं तेच इथे घात करतं, आणि हे फार थोड्या आईबापांना माहीत असतं. हुडीची दोरी, गळ्यातला मफलर, नवरात्रात दांडियाला घातलेल्या घागऱ्याची ओढणी, हे सगळं खाली काढून ठेवायचं. आणि वर कुठेही उडी मारायची दोरी किंवा कुत्र्याचा पट्टा बांधायचा नाही, मुलं खेळात बांधतात आणि तसाच लोंबत सोडतात. पाहुण्यांतली मोठी माणसं हौसेने झोक्यावर बसायला जातील, त्यांनाही थांबव. तुळई मुलांच्या वजनासाठी आहे.

महिन्याभराने सगळे बोल्ट पुन्हा तपासा. लाकूड वाळून आकसतं आणि बोल्ट पहिल्यांदा तेव्हाच सैल पडतात. तेव्हा बाबा इथेच असतील तर पाना त्यांच्याच हातात दे. ते परत गेले असतील तर नवऱ्याने फोन लावून दाखवत दाखवत करावं. पुढे दर वसंतात, बर्फ उतरला की तेच, आणि वुडचिप्स रेकने सारखे करून कमी पडल्या तेवढ्या भरायच्या. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी त्या पायांनी उडून जातात आणि नेमकं तिथेच मूल पडतं. खांबावर नऊ इंचांची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे थर कमी झालेला लांबूनही दिसेल.

८११ ला फोन सोमवारी सकाळी कर. खणणं मात्र त्यांचे झेंडे लागल्यावरच.